विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सच्या घरी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या मराठी संस्थांच्या कपाटांत दोन प्रकारचे जुने दप्तर सापडते. एक मोडीतले. त्याचा कागद शाबूत असतो, शाईही शाबूत असते. वाचणारा तेवढा दुर्मिळ झालेला असतो. दुसरे दप्तर अगदी अलीकडचे असून ते कागदावर नाही. गेल्या तीसेक वर्षांत संगणकावर जुळविलेले विशेषांक, वार्षिक अहवाल, परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, सभासदांच्या याद्या आणि कित्येक दिवंगत लेखकांची अप्रकाशित लेखने त्यात आहेत. त्यांतील बहुतेक सारे त्या काळच्या विंडोज संगणकांवर आणि त्या काळच्या मराठी प्रोग्रॅममध्ये लिहिले गेले. त्या फायली आजही शाबूत आहेत. परंतु ज्या प्रोग्रॅमखेरीज त्या वाचता येत नाहीत, ते प्रोग्रॅम आणि ज्यावर ते चालत ते संगणक एकेक करून निकामी होत आहेत. मोडीला निदान दोन-तीनशे वर्षे तरी मिळाली. ह्या दुसऱ्या दप्तरावर ती पाळी पंचवीस वर्षांतच आली.

हा प्रश्न आज निकडीचा होण्यास एक निमित्तही घडले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या आवृत्तीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. पुढील आवृत्ती जी विंडोज ११, ती बसविण्यासाठी संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर असावा लागतो. त्यामुळे आपल्या वाचनालयांतील आणि शाळांतील पुष्कळ संगणक अंगाने धडधाकट असूनही मार्ग खुंटल्यासारखे उभे आहेत. अशा वेळी संस्थेतील एखादा तरुण कार्यकर्ता सुचवितो की, त्यावर लिनक्स बसवावे. लिनक्स विनामूल्य आहे, ती जुन्या यंत्रावरही चांगली चालते, हे खरेच आहे. पण लगेच कोणीतरी वडीलधारे विचारतात, "मग आपले जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालतील काय?" ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न पुढे केला आहे. उत्तर थोडक्यात असे आहे की, पुष्कळसे चालतात, काही चालत नाहीत. आणि जे चालतात त्यांच्यावर विसंबून स्वस्थ बसणे मात्र शहाणपणाचे नाही.

अडचण नेमकी कोठे आहे?

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरला द्यावयाच्या आज्ञांची मालिका. आपल्याकडील बहुतेक संगणकांत इंटेल वा एएमडी कंपनीचा प्रोसेसर असतो, आणि विंडोज व लिनक्स ह्या दोन्ही कार्यप्रणाली त्याच प्रोसेसरवर चालतात. दोन संख्यांची बेरीज कर, ही आज्ञा विंडोजखाली जी आहे तीच लिनक्सखाली आहे. तेव्हा यंत्राची भाषा दोघींचीही एकच.

तथापि कोणताही प्रोग्रॅम केवळ बेरजा करीत नाही. त्याला फाइल उघडावयाची असते, पडद्यावर चौकट काढावयाची असते, तीत अक्षरे उमटवावयाची असतात, कागदावर छापावयाचे असते. ही कामे प्रोग्रॅम स्वतः करीत नाही. तो कार्यप्रणालीला विनंती करतो आणि कार्यप्रणाली ती पार पाडते. ह्या विनंत्यांची नावे आणि रीती मात्र दोन्हीकडे वेगळ्या आहेत. विंडोजमध्ये फाइल उघडण्यासाठी 'क्रिएटफाइल' नावाच्या कार्याला हाक मारावी लागते. लिनक्समध्ये तेच काम 'ओपन' करते. विंडोजने अशी हजारो कार्ये निरनिराळ्या संग्रहांत लावून ठेविली आहेत. 'कर्नल३२' ह्या संग्रहात फाइल आणि स्मृती ह्यांची कामे, 'यूजर३२' मध्ये चौकटी, कळफलक व माऊस ह्यांची, तर 'जीडीआय३२' मध्ये रेखन आणि अक्षरे उमटविण्याची. लिनक्सच्या घरात ह्यांपैकी एकही संग्रह नसतो.

शिवाय प्रोग्रॅमची बांधणीही निराळी असते. विंडोजच्या प्रत्येक प्रोग्रॅम-फाइलची पहिली दोन अक्षरे 'एम' आणि 'झेड' अशी असतात. मार्क झ्बिकोव्स्की ह्या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याच्या नावाची ती आद्याक्षरे होत. लिनक्सच्या प्रोग्रॅमच्या आरंभी 'ईएलएफ' ही खूण असते. लिनक्सला आपली खूण दिसली नाही की ती प्रोग्रॅम चालविण्याचे साफ नाकारते.

दृष्टांत द्यावयाचा तर असा देता येईल. बडोद्याच्या कचेरीत मुरलेला एखादा कारकून ग्वाल्हेरच्या कचेरीत बदलून आला आहे अशी कल्पना करावी. त्याचे हिशेबाचे ज्ञान पक्के आहे, हस्ताक्षर उत्तम आहे. त्यांत काहीही बदलावयाचे नाही. परंतु दौत-कागद कोणाकडे मागावा, दप्तर कोणत्या कपाटात असते, अर्ज कोणत्या नमुन्यात करावा, हे त्याला जुन्या कचेरीचेच ठाऊक आहे. नव्या जागी तो जुन्या नावांनी हाका मारतो आणि कोणीच ओ देत नाही. काम अडते ते इतक्यासाठीच.

तीन मार्ग

ह्या अडचणीतून वाट काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे एकाच संगणकात दोन्ही कार्यप्रणाली बसविणे. संगणक सुरू करताना कोणती हवी ते निवडावयाचे. हा मार्ग सरळ आहे. पण एकीतून दुसरीत जाण्यासाठी प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, आणि ज्या जुन्या विंडोजचे साहाय्य संपले तिला इंटरनेटच्या वाऱ्यावर सोडणे धोक्याचे असते.

दुसरा मार्ग आभासी यंत्राचा. लिनक्सच्या पोटात एक संपूर्ण काल्पनिक संगणक उभा करावयाचा आणि त्यात खरी विंडोज बसवावयाची. ह्यासाठी 'व्हर्च्युअलबॉक्स'सारखे प्रोग्रॅम आहेत; लिनक्सच्या गाभ्यातही 'केव्हीएम' नावाची ही सोय २००७ सालापासून आहे. आत खरीच विंडोज असल्यामुळे जवळजवळ सर्व प्रोग्रॅम चालतात. मात्र एका घरात दोन संसार थाटल्यामुळे संगणकाची स्मृती भरपूर लागते, आणि आतील विंडोजचा परवाना आपल्याजवळ असावा लागतो.

तिसरा मार्ग अधिक चातुर्याचा आहे. विंडोज आणावयाचीच नाही. बडोद्याच्या त्या कारकुनाशेजारी असा एक मदतनीस बसवावयाचा की ज्याला दोन्ही कचेऱ्यांची रीत अवगत आहे. कारकुनाने जुन्या नावाने हाक मारली की मदतनिसाने ओ द्यावी, तीच वस्तू नव्या कचेरीतून आणावी आणि जुन्या नमुन्यात गुंडाळून त्याच्या हाती द्यावी. कारकुनाला आपण दुसऱ्या गावी आहोत ह्याचा पत्ताही लागू नये. हा मदतनीस म्हणजेच 'वाइन' नावाची प्रणाली होय.

वाइनची कुळकथा

ह्या नावाचा द्राक्षासवाशी संबंध नाही. 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर', अर्थात 'वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे', ह्या वाक्यातील शब्दांच्या आद्याक्षरांनी ते बनले आहे. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणे. सोंग घेणाऱ्याला समोरच्याच्या प्रत्येक आज्ञेचे शब्दशः भाषांतर करीत बसावे लागते आणि त्यामुळे काम मंदावते. वाइनला हे करावे लागत नाही. वर म्हटल्याप्रमाणे यंत्राची भाषा एकच असल्यामुळे प्रोग्रॅमच्या आज्ञा थेट प्रोसेसरकडे जातात. वाइन फक्त विनंत्यांपुरती मध्ये पडते. म्हणून वाइनमध्ये चालणारे प्रोग्रॅम पुष्कळदा मूळ ठिकाणच्या इतक्याच वेगाने चालतात.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. लगेच दोन वर्षांनी, म्हणजे १९९३ साली, बॉब अॅम्स्टाट आणि एरिक यंगडेल ह्यांनी वाइनच्या कामास आरंभ केला. त्या वेळी विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत एवढीच अपेक्षा होती. १९९४ पासून हे काम अलेक्झांद्र ज्युलियार ह्यांच्या नेतृत्वाखाली चालत आले आहे. वाइनची १.० ही पहिली पक्की आवृत्ती १७ जून २००८ रोजी प्रसिद्ध झाली. अर्थात आरंभापासून पंधरा वर्षांनी! आपल्याकडील कोशकार्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या कालावधीचे आश्चर्य वाटणार नाही. शब्द संपत नाहीत आणि मधल्या काळात नवे येतच राहतात. वाइनचेही तसेच झाले. ती ज्या विंडोजला गाठू पाहत होती ती विंडोज स्वतःच दर दोन-चार वर्षांनी पुढे सरकत होती.

ह्यात आणखी एक मौज आहे. विंडोजचे छापील नियम पाळले की काम भागेल असे वाटते, परंतु तसे होत नाही. कित्येक प्रोग्रॅम विंडोजच्या नियमांवर नव्हे, तर तिच्या सवयींवर, क्वचित तिच्या चुकांवरही विसंबून लिहिलेले असतात. तेव्हा वाइनला त्या चुकाही तंतोतंत गिरवाव्या लागतात. ह्यासाठी वाइनच्या कार्यकर्त्यांनी हजारो छोट्या चाचण्या लिहिल्या आहेत. त्या चाचण्या ते खऱ्या विंडोजवरही चालवितात, आणि विंडोज जे उत्तर देते तेच वाइनकडून यावे असा आग्रह धरतात.

येथे कोणाच्या मनात शंका येईल की, ही उचलेगिरी तर नव्हे? ती तशी नाही. विंडोजच्या आतील मूळ लेखन वाइनमध्ये घेतलेले नाही. ज्याने ते पाहिले आहे त्याचे साहाय्य ह्या कामात घेतलेच जात नाही. प्रसिद्ध झालेली माहिती वाचून आणि बाहेरून चाचण्या घेऊन सारी कार्ये नव्याने लिहिलेली आहेत. २००२ सालापासून वाइनचा परवाना असा आहे की, कोणीही ती विनामूल्य घ्यावी, तीत सुधारणा करावी. मात्र सुधारलेली वाइन इतरांना देताना त्या सुधारणाही खुल्या कराव्यात. अर्थात वाइन विनामूल्य म्हणून तिच्यात चालवावयाचा प्रोग्रॅमही फुकट झाला असे नाही. त्याचा परवाना आपल्याजवळ असणे हे पूर्वीइतकेच आवश्यक आहे.

घरात काय घडते?

वाइन बसविल्यानंतर तिच्या हाती एखादा विंडोज प्रोग्रॅम दिला की ती प्रथम त्याची बांधणी उलगडून तो स्मृतीत मांडते, जशी विंडोजने मांडली असती तशीच. नंतर प्रोग्रॅमने 'कर्नल३२' मधील एखाद्या कार्याला हाक मारली की वाइनने त्याच नावाने लिहिलेले कार्य ती ऐकते आणि लिनक्सकडून काम करवून घेते.

प्रोग्रॅमला 'सी' ड्राइव्ह हवी असते. लिनक्समध्ये ड्राइव्हना अशी अक्षरे नसतात. म्हणून वाइन आपल्या घरच्या फोल्डरात एक झाकलेली पेटी तयार करते आणि तिच्यातील एका फोल्डराला 'सी' ड्राइव्ह म्हणून प्रोग्रॅमपुढे ठेवते. विंडोजची 'रजिस्ट्री' म्हणजे सर्व प्रोग्रॅमच्या नोंदींची मोठी वही. तीही वाइन ह्याच पेटीत साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवते. सारी पेटी दुसरीकडे नक्कल करून ठेविली की आपला मांडलेला संसार सुरक्षित राहतो. निरनिराळ्या प्रोग्रॅमसाठी निरनिराळ्या पेट्याही करता येतात, आणि जाणते लोक तसेच करण्याचा सल्ला देतात. वाइनवर आधारलेल्या काही प्रोग्रॅमांत ह्या पेटीला 'बॉटल', म्हणजे बाटली, असे समर्पक नाव दिलेले आहे.

आणखी एक बारकावा. रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. फाइलचे नाव कोणत्याही अक्षरांत लिहिले तरी विंडोज ते एकच मानते; लिनक्स मात्र त्यांना दोन निरनिराळी नावे समजते. प्रोग्रॅमने मोठ्या अक्षरांत मागितलेली फाइल लहान अक्षरांत असेल तर ती शोधून देण्याचे कामही वाइनकडेच येते. देवनागरीत असा भेद नसल्याने आपणांस हे किरकोळ वाटेल. पण वाइनचे सारे काम अशा हजारो किरकोळ गोष्टींचेच बनलेले आहे.

एका बाबतीत तर वाइन खुद्द नव्या विंडोजच्याही पुढे गेली आहे. १९९० च्या सुमाराचे प्रोग्रॅम सोळा बिटांच्या पद्धतीचे, अर्थात संख्या लहान तुकड्यांत हाताळणारे, असत. चौसष्ट बिटांची विंडोज ते चालवीत नाही. आणि विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचीच निघते. वाइनमध्ये असे पुष्कळ प्रोग्रॅम अद्याप चालतात. जुन्या दप्तराच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वडिलांच्या वेळचे मोलकरी मुलाने काढून टाकावेत आणि शेजाऱ्याने त्यांना ओसरी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

मर्यादा

आता दुसरी बाजू. वाइन प्रोग्रॅमच्या विनंत्या पुरवू शकते; परंतु एखाद्या उपकरणाशी थेट बोलणारा विंडोजचा ड्रायव्हर तिला सहसा चालविता येत नाही. ह्याची झळ आपल्याला विशेष लागते. कारण जुन्या काळी भारतीय भाषांच्या कित्येक प्रोग्रॅमबरोबर एक लहानसे कुलूप मिळे. त्याला व्यवहारात डोंगल म्हणतात. ते संगणकाच्या पाठीला लावल्यावाचून प्रोग्रॅम उघडत नसे. वाइनला हे कुलूप बहुधा दिसतच नाही. कुलूप युएसबीचे असेल तर आभासी यंत्रात ते जोडून पाहता येते. मुद्रकाच्या जुन्या रुंद खाचेत बसणारे असेल, तर ती खाचच नव्या संगणकांतून नाहीशी झाली आहे.

दुसरी मर्यादा प्रोसेसरची. ज्या संगणकात इंटेल-एएमडी वंशाचा प्रोसेसर नाही, तेथे यंत्राची भाषाच बदलते. मग वाइन एकटी पुरी पडत नाही. तिच्या जोडीला खरोखरीचा एम्युलेटरही लागतो. तिसरी मर्यादा काळाची. वाइनची एक आवृत्ती जो प्रोग्रॅम चालविते तो पुढच्या आवृत्तीत अडखळल्याचीही उदाहरणे आहेत. कोणता प्रोग्रॅम कितपत चालतो ह्याची एक मोठी सूची वाइनच्या कार्यकर्त्यांनी ठेविली असून तीत 'प्लॅटिनम' पासून 'गार्बेज' म्हणजे 'केर' पर्यंत श्रेणी लावलेल्या आहेत. आपल्या मराठी प्रोग्रॅमबाबत मात्र बहुतेक वेळा स्वतःच प्रयोग करून पाहावा लागतो.

एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर माणसे किती अवलंबून असतात, ह्याचा धडा जर्मनीतील म्युनिक शहराने दिला आहे. तेथील नगरपालिकेने २००३ साली आपल्या कचेऱ्या लिनक्सवर नेण्याचा निर्णय केला. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणकांवर लिनक्स आली. तरीही २०१७ साली नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. त्याला राजकीय कारणेही होती. पण केवळ विंडोजसाठी लिहिलेल्या, खास कामांच्या प्रोग्रॅमची अडचण हे त्यांतील एक वारंवार सांगितलेले कारण होते.

ह्याउलट वाइनला मोठे बळ मिळाले ते एका अनपेक्षित दिशेने, म्हणजे खेळांच्या बाजूने. व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीने २०१८ साली वाइनवर आधारलेली 'प्रोटॉन' नावाची प्रणाली प्रसिद्ध केली आणि २०२२ साली हातात धरून खेळावयाचे एक लिनक्स-यंत्र बाजारात आणले. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर चालतात. त्या खेळांसाठी झालेल्या पुष्कळ सुधारणा मूळ वाइनमध्येही आल्या. मुलांच्या खेळण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावरून आपल्या जुन्या अंकांची गाडीही जाते, ह्याबद्दल कृतज्ञ राहावे हे बरे.

देवनागरीचा प्रश्न

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. समजा, प्रोग्रॅम चालला. पण अक्षरांचे काय?

जुन्या मराठी फायलींत बहुधा मराठी नसतेच! हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करतो. जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणारा युनिकोड हा संकेत १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्यात आरंभापासून देवनागरी आहे. परंतु सामान्य विंडोज संगणकांत देवनागरीची तशी सोय २००० सालाच्या सुमारास आली, आणि छपाईच्या कामात ती रूढ होण्यास आणखी कितीतरी वर्षे गेली. तोवर आपण जे केले ते असे : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट वापरले. काना, मात्रा, अर्धा क, रफार असा एकेक तुकडा एकेका रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या घरात बसविलेला असे. फाइलमध्ये साठविली गेली ती रोमन चिन्हे; डोळ्यांना मराठी दिसले ते केवळ फॉन्टच्या कृपेने. आणि प्रत्येक कंपनीची घरे निराळी! फॉन्ट हरवला की 'ज्ञानेश्वर' ह्या नावाच्या जागी चार-सहा निरर्थक खुणा उरतात.

म्हणून जुना प्रोग्रॅम वाइनमध्ये चालविताना त्याचा मूळ फॉन्टही त्या पेटीत ठेवावा लागतो. हे फॉन्ट वापरणे वाइनला सोपे जाते, कारण तिच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. युनिकोडमधील मराठी दाखविणे त्याहून अवघड. कारण तेथे 'कि' हे अक्षर उच्चाराच्या क्रमाने, आधी क आणि मग इकार असे साठविले जाते. पडद्यावर मात्र इकार आधी काढावा लागतो. असे क्रम फिरविणारा एक खास संग्रह विंडोजमध्ये आहे आणि वाइनलाही तो स्वतंत्रपणे लिहावा लागला.

ह्या संदर्भात प्रस्तुत लेखकास आलेला एक अनुभव सांगण्यासारखा आहे. एका मराठी मंडळाचा सुवर्णमहोत्सवी विशेषांक १९९९ साली संगणकावर जुळविला गेला होता. छापखाना पुढे बंद पडला. फायलींची एक तबकडी तेवढी मंडळाकडे राहिली. अंकातील काही लेख पुन्हा छापावयाचे ठरले तेव्हा ती कोणत्याच नव्या संगणकावर वाचता येईना. लिनक्सच्या संगणकावर वाइन बसवून जुना लेखन-प्रोग्रॅम चालविला, तो पहिल्याच प्रयत्नात उघडला. पण पडद्यावर निव्वळ रोमन चिन्हांचा पाऊस पडला. सुदैवाने एका जुन्या सभासदांच्या घरी तो फॉन्ट मिळाला. तो पेटीत ठेवताच पंचवीस वर्षांपूर्वीची पाने जशीच्या तशी उभी राहिली. ज्यांनी ते लेख लिहिले त्यांतील तिघे आता हयात नाहीत. त्या क्षणी तेथे बसलेल्या कोणालाच बराच वेळ काही बोलवले नाही.

पण हे यश अर्धेच होते. पाने जुळविण्याचा जो दुसरा प्रोग्रॅम होता त्याला डोंगलचे कुलूप होते, आणि ते कुलूप कोठे गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या भागातील मजकूर छापील प्रतीवरून पुन्हा टंकित करावा लागला. जो मजकूर हाती आला होता, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केले. त्यातही रफार आणि ऱ्हस्व इकार ह्यांनी छळले. 'कीर्ती' मधील रफार जुन्या फॉन्टात तकारानंतर साठविलेला असतो, युनिकोडमध्ये तो तकाराच्या आधी यावा लागतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने तो कोठे सोडला, कोठे भलत्याच अक्षरावर चढविला. दोन निवृत्त शिक्षकांनी छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली, तेव्हा कोठे मजकूर विश्वसनीय झाला.

काय करावे?

ज्या संस्थांना हे काम हाती घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना क्रमाने मांडतो.

प्रथम, फायलींच्या दोन नकला करून त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि प्रयोग नेहमी नकलेवरच करावेत. त्यांबरोबर जुने फॉन्ट, प्रोग्रॅमच्या मूळ तबकड्या, परवान्याचे क्रमांक आणि असतील ती डोंगल-कुलुपे गोळा करून, नावे लिहून, एकत्र जपावीत.

दुसरे, जुना प्रोग्रॅम खरोखर लागतो की नाही हे पाहावे. लिनक्सवर विनामूल्य मिळणारे 'लिब्रेऑफिस' जुन्या वर्ड फायली थेट उघडते. १९९० नंतरच्या छपाईत सर्वत्र रूढ असलेल्या पेजमेकरच्या उत्तरकालीन आवृत्तींच्या फायलीही त्यात पुष्कळ अंशी उघडता येतात. मजकूर हाती येत असेल तर वाइनच्या वाटेस जाण्याचे कारणच नाही. ह्या प्रकारे मिळालेला मजकूरही फॉन्टच्या सांकेतिक चिन्हांतच असेल, एवढे मात्र विसरू नये.

तिसरे, प्रोग्रॅम लागतच असेल तर वाइनमध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र पेटी करून तो बसवावा. वाइन कधीही संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवू नये. विंडोजचे काही व्हायरस वाइनमध्येही चालू शकतात, आणि सामान्यतः वाइनमधील प्रोग्रॅमला आपल्या घरच्या फोल्डरातील इतर फायलीही दिसतात. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आणलेले प्रोग्रॅम तिच्या हाती देऊ नयेत.

चौथे, वाइनने काम न झाल्यास आभासी यंत्राकडे वळावे. त्यातील जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये. तिचे काम फक्त फाइल उघडून मजकूर बाहेर देण्यापुरतेच ठेवावे.

पाचवे आणि शेवटचे, मजकूर हाती येताच तो युनिकोडमध्ये आणावा, जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि साध्या मजकुराच्या रूपात ठेवावा.

ह्या शेवटच्या सूचनेवर माझा सर्वांत अधिक भर आहे. जुना प्रोग्रॅम एकदा लिनक्सवर चालू लागला की आता सारे ठीक झाले अशी भावना होते आणि काम तेथेच थांबते. परंतु त्याचा मूळ कर्ता त्यात आता सुधारणा करीत नाही. त्याच्या फॉन्टची माहिती असणारी माणसे वृद्ध होत आहेत. कुलुपे हरवत आहेत. वाइन ही अशा प्रोग्रॅमला मिळालेली मुदत आहे. ज्या मजकुरासाठी आपण त्याला जगविले, तो ह्या मुदतीत त्याच्या तावडीतून सोडविला नाही, तर पुढच्या वेळी तो चालेलच ह्याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

मोडीची आपण थोडी उपेक्षा केली आणि आज एकेक कागद वाचण्यासाठी जाणकार शोधीत फिरावे लागते. ह्या दुसऱ्या दप्तराचे जाणकार अद्याप आपल्यात आहेत. ज्यांनी ते अंक जुळविले, ज्यांना कोणत्या कळीवर कोणते अक्षर होते ते अजून बोटांनी आठवते, ती माणसे आपल्या सभांना येऊन बसतात. त्यांना बोलवावे, एखादा जुना संगणक आणि एखादा उत्साही विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसवावा, आणि येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत निदान एका अंकापासून आरंभ करावा.